लाल गाडीची गळती आणि आबांचा भंडारा

परवा सकाळी दार उघडलं आणि मळीचा वास आला. भवानीनगरच्या कारखान्याचं धुराडं आमच्या वस्तीवरून दिसत नाही, पण वारा तिकडचा असला की वास बरोबर येतो, आंबूस, गोडसर, नाकात घर करून राहणारा. म्हणजे हंगाम सुरू झाला. आता होळी उलटेपर्यंत रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या, त्यांच्या टेपवरची मोठ्ठी गाणी, आणि सांडलेली कांडकी वेचत जाणाऱ्या शेळ्या. पुण्याकडचे पाहुणे आले की या वासानं नाक मुरडतात. आम्हाला तो आला की बरं वाटतं. मला मात्र त्या वासाच्या पोटात आणखी एक वास येतो, तापलेल्या लोखंडावर जळणाऱ्या इंजिन ऑइलचा. तो खरा नाही, माझ्या डोक्यातला आहे, हे मला ठाऊक आहे. तरी परवा चहा ठेवायच्या आधी मी चिंचेखाली गेले, वाकले आणि गाडीखाली बघितलं.

गाडीच्या पलीकडच्या बाजूनं आबाही वाकलेले होते. गाडीच्या पोटाखालून आमची नजरानजर झाली. दोघंही उठलो आणि आपापल्या कामाला लागलो.

आबा म्हणजे माझे सासरे. त्यांच्या तरुणपणी घरात मेंढरं होती. पावसाळा सरला की कळप घेऊन घाटाखाली उतरायचं आणि उन्हाळ्याच्या तोंडाला माघारी यायचं, असं त्यांचं निम्मं आयुष्य गेलं. पुढं पाणी आलं, ऊस आला, डाळिंब आलं, मेंढरं गेली. घोंगडी राहिली आणि कमरेची भंडाऱ्याची पिशवी राहिली. ठिबक आल्यावर त्यांनी नळ्या, कोपरे, नटबोल्ट यांची अशी काही गोडी लावून घेतली की आजूबाजूच्या वस्त्यांवर कुठं पाइप गळला की माणसं प्लंबर शोधत नाहीत, आबांना हाक मारतात. खिशात तंबाखूच्या पुडीशेजारी टेफलॉनच्या पांढऱ्या टेपचं भेंडोळं असतं. आटे पुसायचे, टेप गुंडाळायची, अंगठ्यानं दाबायची आणि पाना मारायचा. त्यांनी बसवलेला जोड मी कधी पाझरलेला पाहिला नाही.

गाडी माझी आहे. हे वाक्य लिहिताना आजही बरं वाटतं. ट्रॅक्टर घराचा, दुचाकी संतोषची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, पण ही लाल, बुटकी, टर्बो लावलेली जुनी गाडी माझी. लोणी देवकरच्या एका कारखान्यात मी मशिनचे सुटे भाग तपासते. त्या पगारातून मी ती पुण्याच्या एका हौशी माणसाकडून घेतली. तिचा उपयोग काय, असं सगळ्यांनी विचारलं. डाळिंबाची खोकी तिच्यात मावत नाहीत, गावच्या खड्ड्यांत तिचं पोट घासतं, आणि चार माणसं बसली तर मागच्या दोघांचे गुडघे हनुवटीला लागतात. उपयोग काहीच नाही. मला ती पळवायची होती, एवढंच. माझं माहेर नरसिंहपूरचं. नदीकाठच्या डिझेल इंजिनांच्या आवाजात मी वाढले. वडील इंजिन उघडायचे तेव्हा मी शेजारी बसून नट रॉकेलमध्ये धुवायचे. माझ्या हाताला यंत्र लागतं, जसं कुणाला गाणं लागतं. लग्नानंतर ते सगळं मिटवून ठेवलं होतं. गाडी आली आणि ते पुन्हा उलगडलं.

बारामतीबाहेरच्या एका मुरमाड माळावर रथसप्तमीच्या सुमारास हौशी मंडळी गाड्या पळवतात. पत्र्याची पिंपं मांडून वळणावळणाची वाट आखतात आणि एका वेळी एकच गाडी सोडतात. बायकांचाही वेगळा गट असतो, आम्ही मूठभरच असतो त्यात. पण आत सोडण्याआधी गाडी तपासतात. तपासायला पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ असतात, सगळे त्यांना नाना म्हणतात. पहिल्या वर्षी मी नटूनथटून गेले, हेल्मेट नवं, बूट नवे. नाना गाडीच्या पुढं उकिडवे बसले, खाली हात घातला आणि बोट माझ्यासमोर धरलं. बोटाला काळं तेल होतं.

"ताई, टर्बोपाशी गळतंय. तापल्या नळीवर थेंब पडला तर गाडी पेट घील. आत न्हाय सोडता यायची."

मी वाद घातला, विनवलं, पुसून दाखवते म्हणाले. त्यांनी मान हलवली आणि मागच्या गाडीकडे वळले. ते बरोबरच होते. पण त्या क्षणी मला इतकी लाज वाटली की हेल्मेट काढायचंही सुचलं नाही. तसंच डोक्यावर ठेवून मी गाडी बाहेर घेतली. परतीच्या वाटेवर संतोष गप्प होता. त्याचं गप्प बसणं मला सहन झालं नाही आणि मी बोलून गेले, "फुडच्या साली आत गेली न्हाय, तर इकून टाकू." तो म्हणाला, "बघ बाई, तूच म्हनलीस." शब्द माझाच होता, त्यामुळं पुढं सारं वर्षभर मला कुणावर रागावताही आलं नाही.

इथं थोडं टर्बोविषयी सांगायला हवं. मी आबांना सांगितलं होतं तेच सांगते. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक पंखा फिरतो. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरा पंखा असतो, तो बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतो. हवा जास्त, म्हणून ताकद जास्त. दांडा असा सुसाट फिरतो की तेल मिळालं नाही तर बघता बघता जळून जाईल. म्हणून वरून एका बारीक नळीनं तेल येतं आणि खालच्या जाड नळीनं इंजिनात परत जातं. आबांनी हे सगळं ऐकलं, तंबाखू मळली आणि म्हणाले, "म्हंजी वाया जानाऱ्या धुरावं चालतंय म्हन की. कारखान्याचा बॉयलर न्हाय का चिपाडावर चालत, तसंच." मी डिप्लोमाला हे तीन धडे वाचून शिकले होते.

त्या वर्षी पावसाळा संपता संपता आम्ही दोघं गळतीच्या मागं लागलो. आबांनी आपली जुनी घोंगडी दिली, गाडीखाली अंथरायला. चिंचेखालची जमीन गार असते, आणि घोंगडीवर पडलं की पाठीला खडे टोचत नाहीत. लोकरीचा तो ओलसर वास आणि वर इंजिनाचं काळं पोट. रविवारी दुपारी मी खाली आणि आबा वर, बॉनेटमध्ये वाकलेले. रस्त्यानं जाणारे थांबून बघायचे. पारावर कुणीतरी आबांना म्हणालं, "सुनेला गाडीखाली घातलंत आन् सासरं वर व्हय?" आबा म्हणाले, "तिला खालचं कळतंय, मला वरचं. तुमाला दोन्ही न्हाय, तवा गप बसा."

रात्री गाडी उभी केली की आबा तिच्याखाली डाळिंबाच्या खोक्याचा पुठ्ठा सरकवायचे आणि सकाळी तो ओढून बघायचे. रोज त्यावर एक काळा डाग असायचा, कधी रुपयाएवढा, कधी पुरीएवढा. आमच्या घरात सकाळची पहिली बातमी त्या पुठ्ठ्याची असायची.

टर्बोच्या वरच्या, बारीक नळीचा जोड ओला दिसत होता हे नक्की. एका शनिवारी मी कामावरून आले तर आबा हात पुसत उभे. चेहऱ्यावर मोठा आनंद. "वरचा बोल्ट काढला, आटं पुसलं, टेप मारली आन् पॅक केला. आता थेंब पडला तर मला आबा म्हनू नगा." माझ्या मनात काहीतरी खटकलं होतं, पण त्यांच्या हातावर माझा इतका विश्वास होता की ते मी तिथंच दाबलं. आणि खरंच, दोन दिवस पुठ्ठा कोरडा निघाला. तिसऱ्या दिवशी डाग आला. आबांनी तो बोटानं चोळून बघितला.

मग खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी घरातली सगळी हत्यारं पुजतात. कोयता, खोरं, कुऱ्हाड, मेंढरं कातरायची जुनी कातर, ट्रॅक्टरचे पाने, फवारणीचा पंप, सगळं धुऊन अंगणात मांडलं जातं. कारखान्यातही बॉयलर पेटायची तयारी चाललेली असते, ऊसतोडीच्या टोळ्या यायला लागलेल्या असतात. मी गाडीचं इंजिन डिझेलनं धुऊन, फडक्यानं पुसून लख्ख केलं आणि पूजेसाठी बॉनेट उघडं ठेवलं. वाटलं, आबा नारळ फोडतील, हळदीकुंकू वाहतील. आबांनी कमरेची पिशवी सोडली, मूठ भरली आणि खंडोबाचं नाव घेत थेट इंजिनावर भंडारा उधळला. पिवळं धुकं उठलं. बॅटरी पिवळी, नळ्या पिवळ्या, टर्बोही पिवळा. मी "आबा!" म्हणून ओरडलेच. मघापासून पुसून पुसून माझे खांदे दुखत होते.

"देवाचं हाय. आसू दे," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी दसरा. झेंडूची माळ बांधून आम्ही इंजिन तसंच पिवळं ठेवून गाडी घेऊन भवानीनगरपर्यंत सोनं वाटायला जाऊन आलो. घरी आल्यावर सहज, भंडारा किती उडाला बघावं म्हणून मी बॉनेट उघडलं, आणि हलायचंच विसरले.

सगळं इंजिन कोरडं पिवळं होतं. फक्त टर्बोच्या डोक्यावर, तेलाची बारीक नळी जिथं येऊन बसते तिथं, बोल्टच्या टोपीखालून एक तपकिरी ओली रेघ निघाली होती आणि खाली उतरत गेली होती. भंडाऱ्यानं तेल शोषून तिची सुरुवात अगदी स्पष्ट दाखवली होती. इतके दिवस आम्ही ओलं कुठं आहे ते बघत होतो, आणि रेडिएटरच्या पंख्याच्या वाऱ्यानं तेल सगळीकडे पसरलेलं असायचं. ते ओलं नेमकं सुरू कुठून होतं, हे आज पहिल्यांदा कळलं. तेल आट्यांतून येत नव्हतं. नळीच्या टोकाला एक कडी असते, तिच्यातून पोकळ बोल्ट जातो, आणि कडीच्या वर आणि खाली तांब्याचं एकेक वायसर असतं. तेल त्या वायसरांतून येत होतं. तिथं टेपचा काही संबंधच नव्हता.

आता हे आबांना कसं सांगायचं? ज्या माणसाचा हात वस्त्यावस्त्यांवर चालतो, ज्यानं सुनेच्या हौसेसाठी गुडघे दुखत असताना तासन् तास वाकून काम केलं, त्याला तुमची टेप चुकली म्हणायचं? माझ्या जिवावर आलं. पण त्याहून मोठी धास्ती दुसरीच होती. बोल्ट आतून पोकळ असतो आणि त्याच्या अंगाला बारीक भोक असतं. मी बोल्ट काढला, उन्हात धरला. भोकाच्या तोंडाशी पांढऱ्या टेपचा एक तंतू लोंबत होता.

"आबा, जरा हितं या."

ते आले. मी बोल्ट त्यांच्या तळहातावर ठेवला. मी म्हणाले, "पान्याच्या पाइपाला आटं पानी आडवत्यात, म्हनून टेप लागती. हितं आट्यांचं काम निस्तं आवळायचं. तेल आडवतंय ते ह्ये तांब्याचं वायसर. आन् ह्ये बघा, टेप सुटून भोकात चाललीय."

"ही आत गेली असती तर?"

"भोक बुजलं असतं. दांडा जळला असता."

आबा घोंगडीवर बसले. तो तंतू त्यांनी चिमटीत धरून ओढून काढला, बोटावर गुंडाळला, सोडला. मला वाटलं आता ते उठून जातील आणि पुन्हा गाडीकडे फिरकणार नाहीत. तेवढ्यात त्यांनी विचारलं, "मग वायसर कशानं गळतंय? चांगलं तर दिसतंय."

मला इतकं हायसं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. मी म्हणाले, "एकदा दाबलं की तांबं कडक हुतं आबा. परत आवळलं तर बसत न्हाय. नवीन मिळंपर्यंत हेच तापवून मऊ करून बघू." संध्याकाळी भाकरी झाल्यावर मी चुलीतल्या निखाऱ्यांवर ती दोन वायसरं ठेवली. लालभडक झाली तशी चिमट्यानं उचलून पाण्यात टाकली. चर्र आवाज झाला. आबा शेजारी पाटावर बसून होते. म्हणाले, "मानसाचं बी आसंच आसावं." मी वर बघितलं तर ते गालात हसत होते. दुसऱ्या दिवशी मी ती वायसरं घासून, पुसून बसवली. बोल्ट आवळताना पाना आबांच्या हातात दिला. पुढच्या आठवड्यात बारामतीहून नवी मिळाली, तीच आता तिथं आहेत.

भंडाऱ्याची युक्ती तेव्हापासून आमच्या घरची झाली. आता कुणाचं इंजिन गळालं तर मी पावडर मारून शोधते, आणि पावडरीचा डबा संपला असेल तर हळद. कामावरच्या पोरी हसतात. तिकडं आमच्याकडे गळती शोधायला वेगळे फवारे असतात, निळा दिवा असतो. ते चांगलंच आहे. पण त्या दसऱ्याला मला जे दिसलं ते एका माणसाच्या श्रद्धेनं अपघातानं दाखवलं होतं, आणि मी त्याच माणसावर ओरडले होते, हे आठवलं की अजून हसू येतं.

खरं तर तिथंच सगळं संपायला हवं होतं. वरचा जोड ठणठणीत झाला. मोळी टाकून कारखाना सुरू झाला, दिवाळी झाली, मळीचा वास वस्तीवर आला. आणि एका सकाळी पुठ्ठ्यावर पुन्हा डाग. वर भंडारा मारला तर कोरडा. खाली मारला तर टर्बोच्या पोटाशी, जिथून जाड नळी परत जाते, तिथं सगळं ओलं. जोडातलं पॅकिंग बदललं, बोल्ट घट्ट केले, तरी तेच. शिवाय आता गाडी सुरू केली की मागून निळा धूरही यायला लागला. बारामतीच्या एका गॅरेजवाल्यानं नुसतं ऐकून निकाल दिला. "टर्बोच गेलाय वहिनी. आतलं सील गेलं. काढून फेका आन् साधी गाडी करा."

साधी गाडी करा! मी रागानं घरी आले. संक्रांत तोंडावर होती. हळदीकुंकवाला गेले तर बायका माझ्या नखांकडे बघत होत्या. कितीही घासलं तरी नखांच्या कडांचा काळेपणा जायचा नाही. एकीनं विचारलंच, "अजून गळतीय व्हय?" सगळ्या हसल्या, मीही हसले. घरी येऊन मात्र मोरीत उभी राहून रडले. विकायची तर विकायची, पण कुणीतरी "साधी करा" म्हणून विकायची नाही, हे त्याच वेळी मनाशी पक्कं केलं. मला निदान कारण कळायला हवं होतं. कारण कळल्याशिवाय मी हात टेकणार नव्हते.

त्या आठवड्यात शेतीला दिवसाची लाइट होती. सुट्टीच्या दिवशी मी आबांची भाकरी घेऊन उसात गेले. खालच्या रानाला अजून ठिबक नाही, पाटानंच पाणी द्यावं लागतं. आबा खोरं घेऊन दारं धरत होते, म्हणजे एका सरीचं तोंड उघडायचं, भरली की बुजवायचं आणि पुढचं उघडायचं. मी बांधावर बसले. तेवढ्यात माझ्या शेजारीच पाटाची कड फुटली आणि पाणी चपलांवर आलं. मी मातीचा गोळा घेऊन भगदाड बुजवायला लागले. बुजवलं की शेजारून फुटायचं.

"तितं नगं बुजवू," आबा लांबून ओरडले. "तितलं काय बिघडल्यालं न्हाय. खाली आडाकलंय कायतरी."

ते पाटाच्या कडेनं खाली चालत गेले आणि वाकून पाचटाचा एक मोठा भारा उपसून काढला. पाणी सप्पकन उतरलं. माझ्या शेजारचं भगदाड तसंच होतं, पण त्यातून आता थेंबही येत नव्हता.

मी भाकरीचं फडकं तिथंच टाकलं आणि उठले. टर्बोत वरून तेल दाबानं येतं, पण खाली परत जाताना त्याला कुणी ढकलत नाही. ते आपल्या वजनानं, उतारानं जातं, पाटाच्या पाण्यासारखं. खाली अडलं तर ते वर तुंबणार, आणि तुंबलं की सील असो वा पॅकिंग, जिथून वाट मिळेल तिथून बाहेर येणार. मी इतके दिवस कड बुजवत बसले होते.

"आबा, गाडीला उतार न्हाय!" मी ओरडले. त्यांना काही कळलं नसावं, पण ते खोरं टाकून माझ्या मागं आले.

घोंगडीवर पडून मी परतीची नळी पुन्हा बघितली, या वेळी पाट बघावा तशी. आधीच्या मालकानं ती धुराच्या तापलेल्या पाइपपासून लांब ठेवायला तारेनं ओढून बांधली होती. त्यामुळं ती आधी खाली जायची, मग वळसा घेऊन थोडी वर चढायची आणि पुन्हा खाली. त्या चढावर रबर मऊ पडून चेपलंही होतं. मी आबांना खाली बोलावलं. ते कण्हत कण्हत माझ्या शेजारी घोंगडीवर आडवे झाले, सासरा आणि सून, डोक्यावर इंजिन. त्यांनी नळीवरून बोट फिरवलं आणि चढावर थांबवलं.

"ह्या मुडद्यानं पाट चढाला न्हेलाय की," ते म्हणाले.

आबांनी लगेच खिशातून ठिबकच्या काळ्या नळीचा तुकडा काढला. मी म्हणाले, "आबा, ही वितळंल." ते म्हणाले, "मापाला गं. मापाला घी." त्या तुकड्यानं आम्ही नवी वाट आखली, सरळ, कुठंही न चढणारी, तापल्या पाइपला लांबूनच जाणारी. ट्रॅक्टरच्या आणि ऊस भरायच्या यंत्रांच्या नळ्या बनवणाऱ्या एका दुकानातून तेलाला आणि उष्णतेला टिकणारी नळी त्या मापानं करून आणली. नळी बसवल्यावर आबांनी तिच्यावर पुन्हा बोट फिरवलं, वरपासून खालपर्यंत, न थांबता. दुसऱ्या सकाळी पुठ्ठा कोरडा. त्याच्या दुसऱ्या दिवशी कोरडा. मी मुद्दाम इंदापूरपर्यंत दामटून आले, तरी कोरडा. धूरही थांबला. आतलं सील शाबूत होतं, बिचाऱ्यावर उगाच आळ आला होता.

आता मागं वळून बघते तेव्हा मला त्या हंगामातली शर्यत कमी आठवते आणि त्या दुपारी जास्त आठवतात. चिंचेचा पाला अंगावर पडत असायचा. रस्त्यानं ट्रॉली गेली की घोंगडीखालची जमीन थरथरायची. आबा वरून काहीतरी विचारायचे आणि मी तोंडात स्क्रू धरून हुंकार द्यायचे. लग्नाला इतकी वर्षं होऊनही आम्ही दोघं तोवर फक्त जेवणाचं आणि पाण्याचं बोललो होतो. मेंढरं विकली त्या दिवसाची गोष्ट त्यांनी मला त्या इंजिनावर वाकूनच सांगितली. शेवटची मेंढी टेंपोत चढेना आणि त्यांनाच तिला उचलून ठेवावं लागलं. "आपली चीज आपल्या हातानं दुसऱ्याच्या गाडीत घालू ने," एवढंच म्हणाले आणि पाना मागितला. गाडी विकायचा माझा शब्द त्यांनी इतका मनावर घेतला होता, हे मला तेव्हा कळलं.

रथसप्तमीच्या त्या रविवारी आम्ही तिघं माळावर गेलो. आबा पुढं बसले होते, मांडीवर पुठ्ठा. रांगेत माझा नंबर आला आणि नानांनी मला ओळखलं. "आलात का ताई?" ते उकिडवे बसले. खाली हात घातला, बोट बघितलं. मग म्हणाले, "चालू करा. तापू द्या." आबांनी न सांगता पुठ्ठा गाडीखाली सरकवला. इंजिन घुमत राहिलं. नाना पंजानं मिशी सारखी करत बसले. संतोष नखं खात होता. माझी नजर उष्णतेच्या काट्यावर आणि कान बाहेर. अखेर नानांनी पुठ्ठा ओढला, उलटापालटा करून बघितला आणि आबांच्या हातात दिला.

"जाऊ द्या आत," ते म्हणाले.

पळवली मी. काय सांगू? टर्बो भरेपर्यंत काहीच होत नाही आणि मग पाठ सीटला चिकटते. मुरूम उडत होता, पिंपं अंगावर आल्यासारखी येत होती, एका वळणावर मी पिंपाला चाटून गेले आणि जोरजोरात हसले. हेल्मेटच्या आत माझंच हसू मला ऐकू येत होतं. नंबर काही आला नाही. पिंपाला लागल्याबद्दल दंडाचे सेकंद वाढले, आणि माझ्याहून चांगल्या पळवणाऱ्या होत्या.

बाहेर आले तर आबा वाट बघत उभे. अभिनंदन नाही, काही नाही. सरळ गाडीच्या पुढं खाली बसले.

"आबा, भाजंल! तापलीया!" मी दार उघडून ओरडले. तोवर त्यांचा हात आत गेला होता. परतीच्या नळीच्या जोडाखाली त्यांनी बोट लावलं, चटकन काढलं, फुंकर मारली. मग तेच बोट कमरेच्या पिशवीत बुडवलं आणि माझं हेल्मेट काढून कपाळावर ओढलं.

मी गाडीच्या आरशात वाकून बघितलं. मुरमानं माखलेल्या कपाळावर त्यांच्या बोटाची रेघ होती. पिवळीजर्द, वरपासून खालपर्यंत. तिच्यात तेलाचा डाग नव्हता.